छतावरचा पहारा : लंडन, १९४०

१/ २९ डिसेंबर १९४०, रविवारची रात्र. जर्मन विमानांनी लंडनच्या जुन्या भागावर आग लावणारे हजारो लहान बॉम्ब टाकले.

२/ असा बॉम्ब वाळूने किंवा हातपंपाने विझवता येई. मात्र छतावर कोणीतरी जागे हवे. कचेऱ्या, गोदामे कुलूपबंद होती. थेम्सलाही ओहोटी होती. पॅटर्नॉस्टर रो या प्रकाशकांच्या गल्लीतील लाखो पुस्तके जळाली.

३/ शेजारच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलवर मात्र स्वयंसेवकांचा पहारा होता. त्यांत इमारतीची रचना जाणणारे वास्तुविशारदही होते. घुमटाच्या शिशाच्या आवरणात अडकलेला बॉम्ब खालच्या सज्जात पडताच विझवला गेला. कॅथीड्रल वाचले.

४/ जानेवारी १९४१ मध्ये सरकारने आगीवरील पहारा सक्तीचा केला. पुस्तकांच्या गल्लीसाठी मात्र तो निर्णय उशिरा आला होता.