वेलस्ली, नीडहम आणि धाकटा संघ

वेलस्ली म्हटलं की माझ्यासारख्या इतिहासाच्या मास्तरला असईची लढाई आठवते. 23 सप्टेंबर 1803. एका बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली. पस्तीस वर्षं हा धडा शिकवला. त्यामुळे लेकीने अमेरिकेतून फोनवर सांगितलं, "बाबा, नोव्हेंबरातच या, वेलस्ली आणि नीडहमची मॅच आहे आणि तुमचा नातू खेळणार आहे," तेव्हा मी आधी विचारलं, "हा वेलस्ली तिकडे कुठून पोचला?"

पोचला नव्हताच. बॉस्टनच्या पश्चिमेला वेलस्ली आणि नीडहम ही दोन लागून असलेली गावं आहेत. हनवेल नावाच्या एका धनिकाची तिथे मोठी बाग आणि हवेली होती. त्याच्या बायकोचं माहेरचं आडनाव वेल्स. त्यावरून हवेलीचं नाव वेलस्ली पडलं, हवेलीवरून मुलींच्या प्रसिद्ध कॉलेजचं आणि शेवटी गावाचं. आपल्या असईवाल्याचा काही संबंध नाही. मी जरा हिरमुसलो, खोटं कशाला बोलू?

पण पुढे जे कळलं त्याने सगळी भरपाई झाली. ही दोन गावं म्हणजे चक्क वाटणी झालेले भाऊ आहेत!

1881 पर्यंत वेलस्ली नावाचं गाव नव्हतंच. ते होतं पश्चिम नीडहम. एकाच गावाचे पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा असे दोन भाग, आणि दोघांचं जमेना. शेवटी एप्रिल 1881 मध्ये पश्चिमेकडचे लोक वेगळे झाले. जाताना जवळजवळ निम्मं गाव घेऊन गेले, तेही सधन भागाचं. गंमत म्हणजे नीडहम स्वतःसुद्धा असंच 1711 मध्ये डेडहम नावाच्या जुन्या गावातून फुटून निघालं होतं. म्हणजे आजोबांनी जे केलं तेच नातवाने केलं. आपल्याकडे सातबाऱ्यावर जे दिसतं ते त्यांच्याकडे नकाशावर दिसतं, एवढाच फरक.

वाटणी झाली की पुढे काय होतं हे मी मराठी वाचकाला सांगायला नको. बांधावरून भांडण. ह्या लोकांनी मात्र दीड वर्षातच भांडणाला एक बरी जागा शोधली. नोव्हेंबर 1882 मध्ये थँक्सगिव्हिंगच्या दिवशी दोन्ही गावांची शाळकरी पोरं फुटबॉल खेळली आणि नवं गाव वेलस्ली जिंकलं. तेव्हापासून, मधली काही वर्षं सोडली तर, हा सामना चालत आला आहे. थँक्सगिव्हिंगला होणाऱ्या सरकारी शाळांच्या सामन्यांत देशातला सर्वांत जुना म्हणून तो ओळखला जातो. कनेटिकट राज्यात न्यू लंडन आणि नॉर्विचच्या शाळांची चुरस 1875 पासूनची, म्हणजे त्याहूनही जुनी. आणि बॉस्टन शहरातल्या लॅटिन आणि इंग्लिश ह्या दोन शाळा 1887 पासून खंड न पडू देता खेळत आल्याचं अभिमानाने सांगतात. थोडक्यात, पहिला नंबर कोणाचा ह्यावरही तिकडे वाद आहेच.

इथे एक खुलासा. फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू छातीशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर झेप घेऊन पाडायचं, असा तो प्रकार. मी नातवाला म्हटलं, "ही तर चेंडू घेऊन खेळलेली कबड्डी!" त्याला ते फार आवडलं.

हा खेळ एका दिवसात घडलेला नाही. 1869 मध्ये रट्गर्स आणि प्रिन्स्टन ह्या कॉलेजांचा जो पहिला सामना धरतात, त्यात एका बाजूला पंचवीस-पंचवीस जण होते आणि चेंडू उचलून पळायला परवानगीच नव्हती. 1874 मध्ये कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाचे विद्यार्थी हार्वर्डशी खेळायला आले आणि चेंडू घेऊन पळायची गोडी लावून गेले. 1880 च्या सुमारास येल कॉलेजच्या वॉल्टर कँप ह्या गृहस्थाने अकरा खेळाडूंचा नियम आणला. 1882 मध्ये, म्हणजे आपल्या दोन भावांची पहिली लढत झाली त्याच वर्षी, तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरका नाहीतर चेंडू द्या, असा नियम झाला. चेंडू पुढे फेकायला तेव्हा बंदी होती. सगळी रेटारेटीच.

ह्या रेटारेटीचे परिणाम भयंकर झाले. एकट्या 1905 च्या हंगामात किमान अठरा खेळाडू दगावले, त्यांत बरीचशी शाळकरी पोरं. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याच ऑक्टोबरात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारा म्हणून बजावलं. हंगाम संपल्यावर चक्रं हलली आणि 1906 मध्ये नियम बदलले. चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, म्हणजे पोरांचा ढीग एका जागी होईना. हेल्मेट सक्तीचं व्हायला मात्र कॉलेजात 1939 आणि व्यावसायिक लीगमध्ये 1943 साल उजाडलं.

हे सगळं मी जाण्यापूर्वी वाचून काढलं आणि चूक केली ती ही, की सौभाग्यवतींना वाचून दाखवलं. तिने फोन उचलून लेकीला विचारलं, "पोराला बुद्धिबळ का नाही शिकवत?"

असो. आम्ही 2023 च्या नोव्हेंबरात पोचलो. नातू तेव्हा दहावीत होता. दोनपैकी कुठल्या गावच्या शाळेत, ते लिहीत नाही, कारण दुसऱ्या गावातही लेकीच्या मैत्रिणी आहेत आणि त्या हे वाचतात. तो खेळत होता धाकट्या संघात. तिकडे शाळेचा मुख्य संघ असतो त्याला व्हार्सिटी म्हणतात. युनिव्हर्सिटी शब्दाचाच तो जुना बोली अवतार. त्याच्या खालचा संघ म्हणजे ज्युनियर व्हार्सिटी, सगळे नुसतं जेव्ही म्हणतात. अजून अंगात न भरलेली, वरच्या संघात जागा न मिळालेली, पण कधीतरी मिळेल अशी आशा असलेली मुलं. मुख्य सामन्याला गाव लोटतं. दूरदूर गेलेली माणसं त्या सुट्टीत घरी आलेली असतात, जुने विद्यार्थी भेटतात, आपल्याकडच्या जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडासारखं वातावरण. जेव्हीच्या सामन्याला मात्र आई-बाप, एखादी मैत्रीण, एक कुत्रं आणि आम्ही दोघं कानटोप्या घालून.

पण खेळ तोच. एकीकडे लाल, दुसरीकडे निळा-सोनेरी रंग. 1881 मध्ये कोण का वेगळं झालं हे मैदानावरच्या एकाही पोराला ठाऊक नसणार. तरी "त्या गावाला" हरवायचं हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक. वैराचं कारण विसरलं जातं आणि वैर टिकतं, हे मी वर्गात पुष्कळदा सांगितलं होतं. तिथे ते प्रत्यक्ष पाहिलं. मात्र इथे ते शिट्टी वाजली की संपत होतं. दोन्ही संघ रांगेत उभे राहून एकमेकांचे हात हातात घेत होते.

दुसऱ्या भागात एक मुलगा पडला. नातू नव्हे, समोरच्या संघातला. लगेच उठला, मान हलवली, मी ठीक आहे अशी खूण केली. तरी त्याला बाहेर घेतलं. एका बाईंनी त्याच्यापुढे बसून काही प्रश्न विचारले आणि त्याचं हेल्मेट स्वतःकडे ठेवून घेतलं. पोरगा रडकुंडीला आला. त्याचा संघ मागे होता, पण कोणी हुज्जत घातली नाही. मी लेकीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कायदाच आहे बाबा." मॅसेच्युसेट्स राज्याने 2010 मध्ये तो केला. डोक्याला मार लागल्याची शंका आली तरी त्या दिवशी पुन्हा खेळायचं नाही आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय परत यायचं नाही. प्रशिक्षकांना आणि पालकांनाही दरवर्षी ह्याची माहिती घ्यावी लागते. लेकीनेही घेतली होती.

मी गप्प बसलो. सौभाग्यवतींना वाटलं थंडी वाजतेय. थंडी नव्हती.

1984 साली मी एका तालुक्याच्या गावी होतो. शेजारच्या गावच्या शाळेशी आमचा कबड्डीचा सामना. दोन्ही गावांचं जुनं वाकडं. आम्ही दोन गुणांनी मागे. आमचा नववीतला एक चढाईपटू पकडीत असा आदळला की डोकं जमिनीवर आपटल्याचा आवाज मला ऐकू आला. तो उठला, धूळ झटकली आणि म्हणाला, "ठीक आहे सर." मी त्याच्या डोक्यावर पाणी मारलं आणि पुन्हा उतरवला. आम्ही जिंकलो. मिरवणूक निघाली. रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या आणि बैलगाडीतून दवाखान्यात न्यावं लागलं. वाचला. पण पुढचे कित्येक महिने त्याचं डोकं दुखायचं, अक्षरं हलायची, आणि ते वर्ष वाया गेलं. मला कोणी बोललं नाही. गावाने माझा सत्कारच केला होता. नारळ आणि शाल.

1905 साली अठरा पोरं गेली तेव्हा त्यांच्याही शेजारी माझ्यासारखा कोणी मास्तर उभा असेल. तो काही दुष्ट नसेल. तोही दोन गुणांनी मागे असेल, एवढंच. नियम, कायदे हे अशा बऱ्या माणसांसाठी लागतात, हे मला सत्तरी ओलांडल्यावर एका रिकाम्या मैदानाच्या कडेला कळलं.

त्या दिवशी कोण जिंकलं ते आठवतंय, पण धाकट्या संघाचे आकडे कोणी जपून ठेवत नाही, मीही ठेवत नाही.

परत आल्यावर त्या विद्यार्थ्याला फोन केला. आता त्यालाच नातू झालाय. दर गुरुपौर्णिमेला न चुकता त्याचाच फोन येतो, ह्यावेळी मी केला. म्हटलं, "त्या दिवशी तुला परत उतरवलं ते चुकलं माझं." तो हसला. म्हणाला, "सर, ठीक आहे असं मीच म्हणालो होतो की."

"तू चौदा वर्षांचा होतास रे," मी म्हणालो.

पलीकडे थोडा वेळ आवाज आला नाही. मग त्याने सौभाग्यवतींची तब्येत विचारली.