मैलांचा आंकडा आणि जुनी मोटार



नवी स्पोर्ट्‌स मोटार विकत घेणें सामान्य संसारी गृहस्थाच्या आवांक्याबाहेरचें असतें. पण तीच मोटार सातआठ वर्षें वापरून झाली व लाख-सव्वालाख किलोमीटर धांवली, कीं तिची किंमत पुष्कळ खालीं येते आणि एखाद्या हौशी तरुणाची दृष्टि तिच्याकडे वळते. सौदा करतांना विकणारा व घेणारा हे दोघेही समोरच्या तबकडीवरील मैलांच्या आंकड्यावर बोट ठेवतात. तो लहान असला तर किंमत चढते, मोठा असला तर उतरते. ज्या आंकड्याच्या भरंवशावर आपण कित्येक वर्षांची शिल्लक मोजून देतों, आणि ज्या मोटारींत बसून आपलीं मुलें आंबा घाट उतरावयाचीं असतात, त्या आंकड्याची योग्यता काय, हें इतिहासाच्या साहाय्यानें पाहावें, असा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. बखरींतील मजकूर समकालीन अस्सल पत्रांशीं ताडून पाहिल्यावांचून स्वीकारूं नये, ही दृष्टि त्यांच्या परिश्रमानें महाराष्ट्रांत रुजली. बखर सर्वस्वीं खोटी नसते; परंतु ती एकट्यानें साक्ष देऊं लागली कीं सावध राहावें लागतें. मोटारीवरील आंकडा ही त्या मोटारीची बखर होय. तिचे अस्सल कागद अन्यत्र शोधावे लागतात.

चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर मोजण्याची युक्ति फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतील रोमन स्थापत्यकार व्हिट्रूव्हियस यानें आपल्या ग्रंथांत तसल्या गाडीचें वर्णन केलें आहे. तिचें चाक एका फेऱ्यांत साडेबारा रोमन फूट जाई. ४०० फेरे झाले म्हणजे ५,००० फूट, अर्थात् एक रोमन मैल पुरा होई, आणि दांतेरी चक्रांच्या योगानें एक खडा खालच्या पात्रांत पडे. प्रवासाअंतीं खडे मोजले कीं मैल कळत. युक्ति चतुर खरी. पण रस्ता कसा होता आणि गाडींत ओझें किती होतें, याचा त्या खड्यांना पत्ता नसे. शिवाय पात्रांतून चार खडे कोणीं काढून घेतले, तर तेंही पात्र सांगत नसे!

आपल्या देशांत ईस्ट इंडिया कंपनीचे मोजणीदार दांड्याला लावलेलें एक मोठें चाक ढकलीत रस्त्यांचीं अंतरें मोजीत. चढउतार व खांचखळगे आले कीं चाक अधिक फिरे, आणि दोन गांवांमधील अंतर खऱ्याहून मोठें भासे. म्हणून १८०२ सालीं कर्नल लँब्टन यानें मद्रासजवळ साखळीनें पायारेषा मोजून त्रिकोणमितीनें देशाची मोजणी आरंभिली. चाकाची साक्ष दुसऱ्या मापानें पडताळून घ्यावी, हा विवेक त्या काळच्या मोजणीदारांनाही होता.

पुढें मोटारीचें युग आलें. १९०२ सालीं ओटो शुल्झे या जर्मन गृहस्थानें वेग दाखविणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. कालांतरानें वेगाच्या कांट्याशेजारींच अंतराचे आंकडेही बसूं लागले, आणि गिअरपेटीपासून निघालेली एक लवचीक तार तीं दोन्ही यंत्रें फिरवूं लागली. ती तार सोडवून ठेवली कीं मोटार धांवत राही, पण आंकडा स्वस्थ बसे. जुन्या मोटारींच्या तबकडीवर बहुधा पांचच घरें असत. ९९,९९९ नंतर पुन्हां शून्यांची रांग लागे, आणि म्हातारी मोटार एका रात्रींत तान्ही होई. १९१४ च्या कायद्यानें ब्रिटिश हिंदुस्थानांतील मोटारींची नोंदणी एका पद्धतीखालीं आणली. नोंदणीच्या पुस्तकांत मालकाचें नांव आहे, यंत्राचा व सांगाड्याचा क्रमांक आहे. मैलांसाठीं मात्र रकाना नाहीं.

या उणिवेची खरी झळ स्वातंत्र्यानंतर लागली. १९४५ ते १९४९ या काळांत इंग्लंडांत बनलेली एम. जी. कंपनीची टी. सी. ही १,२५० घनसेंटिमीटर यंत्राची दोन बैठकींची मोटार त्या पिढीच्या शौकिनांची मोठी आवडती होती. मुंबईस जुहूच्या विमानतळावर मोटारींच्या शर्यती होत, व तेथें जमणाऱ्या तरुणांचे डोळे असल्याच गाड्यांवर खिळत. परंतु परकीय चलनाच्या टंचाईमुळें आयातीवर कडक निर्बंध आले. मुंबईंत शिवडीस १९२८ पासून मोटारी जोडणारी जनरल मोटर्स कंपनी १९५४ सालीं आपलें काम बंद करून गेली. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं काढलेला प्रीमिअर कारखाना कुटुंबाच्या मोटारी करी. स्पोर्ट्‌स मोटारी करीत नसे. १९५६ सालीं राज्य व्यापार महामंडळ स्थापन झालें, आणि परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या मोटारी त्याच्यामार्फत निविदा मागवून विकल्या जाऊं लागल्या. एवढा एक झरोका सोडला, तर शौकिनाला देशांत आधींच असलेल्या जुन्या मोटारींवरच भागवावें लागे.

साहजिकच एकेक मोटार अनेक हातांतून गेली. सुटे भाग मिळत नसत, तेव्हां कारागिरांनीं ते लेथवर घडविले. मूळ यंत्र थकलें तेव्हां फियाटचें किंवा अँबॅसडरचें बसविलें. मग तबकडीवरील मैल कोणाचे म्हणावयाचे? सांगाड्याचे, यंत्राचे कीं तबकडीचे? त्यांत मैल आणि किलोमीटर यांचा घोटाळा. ६०,००० मैल म्हणजे सुमारें ९६,५०० किलोमीटर. माप विचारल्यावांचून आंकडा ऐकला, तर तिसऱ्या हिश्शाहून अधिक आयुष्य हिशेबांतून गळतें.

१९९१ नंतर आर्थिक धोरण पालटलें आणि हळूहळू परदेशी बनावटीच्या वेगवान मोटारी पुन्हां दिसूं लागल्या. आतां तार गेली. आंकडा विजेच्या स्मरणयंत्रांत राहतो, आणि छोट्या उपकरणानें तो मागें घेणारेही निपजले आहेत. अमेरिकेंत १९७२ सालींच मध्यवर्ती कायद्यानें यास मनाई केली. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून जुन्या मोटारींच्या अधिकृत विक्रेत्यांसाठीं नवे नियम अमलांत आले. विक्रीसाठीं ताब्यांत असलेली मोटार कोणीं, कधीं व कशासाठीं चालविली आणि ती किती धांवली, याची नोंद त्यांनीं ठेवावयाची आहे. मैलांना अखेर एक रकाना मिळाला. पण तो विक्रेत्याच्या वहींत, आणि तोही त्याच्या ताब्यांतील काळापुरताच.

तेव्हां अस्सल कागद कोणते? दुरुस्तीचीं तारीखवार बिलें हा पहिला. प्रत्येक बिलावर त्या दिवसाचा आंकडा असतो. ते क्रमानें चढत गेले पाहिजेत. दुसरा टायर. त्यावरील चार अंकांत बनावटीचा आठवडा व साल असतें. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. वीस हजार किलोमीटर सांगणाऱ्या मोटारीचे चारही टायर तिच्या जन्मानंतर बदललेले दिसले, तर कारण विचारावें. तिसरा झीज. ब्रेकच्या पायटीचें रबर, सुकाणूवरील चामडें, चालकाच्या बैठकीची कड यांना खोटें बोलतां येत नाहीं. चौथा यंत्र. तें पूर्ण थंड असतां सुरू करून पाहावें, आणि सिलिंडरांतील दाब जाणत्या मिस्त्रीकडून मोजून घ्यावा.

आमच्या रत्नागिरीकरांना आणखी एक साक्षीदार तपासावा लागतो, तो म्हणजे गंज. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस आणि बारमाही खारा वारा यांत उभी राहिलेली मोटार न धांवतांच झिजते. ब्रेकच्या चकत्या, खालचे नळ व जोड प्रथम खातात, आणि घाटांत त्यांचीच परीक्षा होते. मोठ्या रस्त्यावर एका चालीनें सव्वालाख किलोमीटर गेलेली व वेळच्या वेळीं तेल बदललेली मोटार, चार पावसाळे झांकून ठेवलेल्या तीस हजारांच्या मोटारीहून पुष्कळदां अधिक निरोगी असते. म्हणून आंकडा मोठा एवढ्यावरून ती नाकारूं नये. तिचे ब्रेक, क्लच, टायर व दांतेरी पट्टा यांच्या खर्चाची रक्कम मात्र किंमतींतून आधींच बाजूस काढावी. ती निघत नसेल तर ती मोटार आपल्याला परवडणारी नव्हे.

सौदा पटल्यावरही एक काम उरतें. १९८८ च्या कायद्याप्रमाणें त्याच राज्यांतील विक्री असेल, तर विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत मालकी पालटल्याचें नोंदणी कचेरीस कळवावयाचें असतें. पुढील घेणाऱ्यासाठीं आपणही बिलें जपून ठेवावीं. त्या मोटारीच्या इतिहासाचें तेवढेंच साधन आपल्या हातीं असतें.