गाव, कुळदेवता आणि फोन क्रमांक

गोमंतकीय हिंदू समाजाचा सोळाव्या शतकापासूनचा इतिहास हा पुष्कळ अंशी स्थलांतराचा इतिहास आहे. आणि जेथे स्थलांतर आहे तेथे दुरावलेल्या माणसाचा शोध हा विषय ओघानेच आला. पूर्वी हा शोध देवळाच्या सभामंडपात होई, आज तो मोबाइलच्या पडद्यावर होतो. एखाद्याचा फोन क्रमांक हाती असला की व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचे नाव व छायाचित्र बहुधा क्षणात पुढे येते. या दोन रीतींमध्ये साम्य किती व भेद कोठे, हे इतिहासाच्या आधारे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तिसवाडीतील देवालये 1540 च्या सुमारास पाडली गेली, त्यांत दिवाडी बेटावरील नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराचे मंदिरही होते. भक्तांनी लिंग नदीपार डिचोली महालात आणले. तेथे 1668 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार करविला. त्याचा शिलालेख आजही मंदिरात आहे, आणि अलीकडे झालेल्या जीर्णोद्धारानंतर 2023 च्या फेब्रुवारीत हे मंदिर पुन्हा भक्तांसाठी खुले झाले. त्या काळी डिचोली व पेडणे हे महाल पोर्तुगीज सत्तेबाहेर होते, म्हणूनच ते आश्रयस्थान ठरू शकले. 1781 ते 1788 या अवधीत डिचोली, सत्तरी व पेडणे पोर्तुगीजांकडे गेले, तोवर जुन्या काबिजादीतून निघालेल्या अनेक कुटुंबांनी येथे आणि त्याही पलीकडे सावंतवाडी, रत्नागिरी, कारवार, मंगळूर अशा दूरच्या मुलखांत बस्तान बसविले होते.

या विखुरलेल्या कुटुंबांनी आपला पत्ता नावातच बांधून नेला. मांद्रेकर, मोरजकर, पार्सेकर, कोरगावकर, हरमलकर ही आडनावे पेडण्याच्या गावांची, तर मयेकर, कुडणेकर, साखळकर ही डिचोलीकडची. आडनाव माणसाचा आजचा मुक्काम सांगत नाही, सोडलेला गाव सांगते. परंतु केवळ आडनावाने ओळख पुरी होत नाही. एकाच गावावरून निरनिराळ्या ज्ञातींनी तेच आडनाव घेतले आहे. शिवाय नार्वे दिवाडीवर आहे आणि नदीपलीकडे डिचोलीतही आहे. म्हणून पुढचे प्रश्न येत: कुळदेवता कोणती, गोत्र कोणते, घराणे कोणते? एकेका उत्तराने वर्तुळ लहान होत जाई आणि अखेरीस एका उंबरठ्यापाशी येऊन थांबे.

या तोंडी ज्ञानाला पुढे कागदाचा आधार मिळाला. पोर्तुगीज सरकारने 1886 मध्ये देवस्थानांच्या कारभाराचे नियम केले व 1933 मध्ये ते नव्याने बांधले; त्यायोगे महाजनांची नामावळी ही अधिकृत गोष्ट झाली. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्याही याच जातीच्या. यजमानाने गाव व आडनाव सांगावे, आणि उपाध्यायाने आजा-पणजाची नावे वाचून दाखवावीत!

या साऱ्या रीतीत एक मर्म आहे. ‘तुमी खंयचे?’ हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला जाई. दुसऱ्याचे घर विचारणाऱ्याने आधी आपले घर सांगावे, मगच उत्तर मिळे. म्हणजे ओळख घेणे आणि ओळख देणे ही एकाच व्यवहाराची दोन अंगे होती.

या रीतीचे गोडवे गाताना तिचे उणेपण झाकणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. महाजनपण पुरुषवंशाने चालत आले. सासरी गेलेल्या लेकीचे नाव त्या नामावळीत राहिले नाही. देवळाची सेवा पिढ्यान्‌पिढ्या करणारी कित्येक घराणीही महाजनांच्या यादीबाहेर राहिली. फोन क्रमांक असा भेद करीत नाही. मुंबईत नांदणाऱ्या आत्याची नात आज एका क्रमांकावरून सापडते, हे नव्या साधनाचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

आता या नव्या साधनाची घडण पाहू. 2009 मध्ये निघालेल्या व्हॉट्सअ‍ॅपने फोन क्रमांक हीच माणसाची ओळख मानली. आपण एखादा क्रमांक मोबाइलमध्ये नोंदविला की तो कंपनीच्या संगणकाशी ताडून पाहिला जातो आणि त्या क्रमांकाचे खाते असल्यास ते दिसते. येथे शोधणाऱ्याला स्वतःविषयी काही सांगावे लागत नाही, आणि ज्याचा शोध घेतला त्याला त्याची वार्ताही नसते. फेसबुकवर पूर्वी क्रमांक लिहून माणूस शोधता येई. या सोयीचा दुरुपयोग करून माहिती गोळा केली जाते, असे आढळल्यावर एप्रिल 2018 मध्ये कंपनीने ती बंद केली. तथापि 2021 मध्ये सुमारे 53 कोटी फेसबुक खात्यांची माहिती, क्रमांकांसह, उघड्यावर आली. 2025 मध्ये व्हिएन्ना येथील संशोधकांनी क्रमांकामागून क्रमांक ताडून व्हॉट्सअ‍ॅपची सुमारे 350 कोटी खाती मोजून दाखविली; त्यानंतर कंपनीने या मार्गाला आळा घातला. त्र्यंबकेश्वरची वही अशी एका दमात कोणालाही वाचता आली नसती.

दुसरे असे की, क्रमांक हा वंशाने येत नाही. बंद पडलेला क्रमांक भारतात 90 दिवसांच्या अवधीनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. काल जेथे मामा बोलत होते तेथे उद्या परका बोलेल. गाव आणि कुळदेवता यांच्या बाबतीत असे घडत नाही. सारांश, क्रमांक माणसापर्यंत पोहोचवितो, परंतु तो माणूस आपला कोण हे सांगत नाही.

आज पुष्कळ देवस्थानांचे कुळावी व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहांतून एकत्र येत आहेत. अशा समूहात आपला क्रमांक इतर सभासदांना दिसतो, आणि क्रमांकांची छापील किंवा पाठविलेली यादी एकदा बाहेर पडली की परत घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला, आणि 2023 च्या कायद्याने वैयक्तिक माहितीच्या वापरासाठी संमतीचे तत्त्व पुढे आणले. आमच्या मते सभामंडपाची जुनी रीत याहून वेगळे काही सांगत नव्हती. म्हणून यादी करताना गाव, कुळदेवता व घराणे खुशाल लिहावे, लेकींची नावेही आवर्जून लिहावीत. क्रमांक मात्र ज्याचा त्याला विचारूनच द्यावा. आणि अनोळखी क्रमांकावर पहिला निरोप पाठविताना कुशल विचारण्याआधी आपण कोण, कोणत्या गावचे, कोणाचे, हे दोन ओळींत कळवावे. बेटावरून देव घेऊन निघालेल्या लोकांनी परक्या मुलखात एकमेकांना ओळखले ते याच शिष्टाचाराच्या बळावर.