'टॅक्टिकल' विजेरी : ल्युमेनचे आकडे आणि प्रत्यक्ष उजेड

पोलिस, सुरक्षा रक्षक, वनरक्षक, शोध व बचाव पथके यांच्या उपयोगासाठी तयार केल्या जाणाऱ्या, पंजात मावणाऱ्या आणि अत्यंत प्रखर झोत टाकणाऱ्या विजेरीला बाजारात 'टॅक्टिकल टॉर्च' या नावाने ओळखले जाते. विजेऱ्यांच्या मानकात मात्र या शब्दाची व्याख्या आढळत नाही. त्यामुळे भक्कम, विश्वासार्ह साधनावर हे नाव जसे दिसते, तसेच ते रस्त्यावरच्या दुकानातील तकलादू नळीवरही दिसते. खोक्यावर छापलेला 'दहा हजार ल्युमेन' किंवा 'एक लाख ल्युमेन' असा आकडा हाच बहुतेक ग्राहकांच्या दृष्टीने निवडीचा निकष ठरतो. प्रत्यक्षात अशा विजेरीची पारख करताना हा आकडा सर्वांत कमी उपयोगाचा असतो.

विजेरीचा इतिहास या बाबतीत काहीसा बोलका आहे. डेव्हिड मिसेल या संशोधकाला हातात धरण्याच्या नळीच्या आकाराच्या विद्युत दिव्याचे अमेरिकी पेटंट १० जानेवारी १८९९ रोजी मिळाले. सुरुवातीच्या काही विजेऱ्या न्यूयॉर्कच्या पोलिसांना देण्यात आल्या होत्या. त्या काळचे कोरडे सेल दुर्बळ होते आणि कार्बनच्या तारेचा दिवा वीज फार खात असे. दिवा सलग लावून ठेवणे शक्य नसल्याने तो क्षणभर चमकवून पुन्हा बंद करावा लागे. इंग्रजीतील 'फ्लॅशलाइट' हा शब्द त्या क्षणिक चमकण्यावरूनच रूढ झाला. सव्वाशे वर्षांनंतरच्या प्रखर विजेऱ्यांनाही त्यांचा कमाल उजेड मिनिट-दोन मिनिटांपलीकडे टिकवता येत नाही. कारण तेवढे बदलले आहे. तेव्हा सेल थकत असे, आता विजेरी तापते.

मोजमापाची भाषा

प्रकाशस्रोतातून सर्व दिशांना मिळून किती प्रकाश बाहेर पडतो, ते ल्युमेन या एककाने सांगितले जाते. झोत एका दिशेला किती तीव्र आहे, ते कँडेलाने मोजतात, तर एखाद्या पृष्ठभागावर प्रत्यक्ष किती प्रकाश पडला, ते लक्सने. ही तीन एकके वेगळी ठेवली नाहीत, तर विजेरीविषयीची कोणतीही चर्चा निरर्थक ठरते. दोन विजेऱ्यांमधून सारखाच १,००० ल्युमेन प्रकाश बाहेर पडत असेल, पण एकीचा परावर्तक लहान व उथळ आणि दुसरीचा मोठा व खोल असेल, तर पहिलीची तीव्रता १०,००० कँडेला आणि दुसरीची १,००,००० कँडेला असू शकते. पहिली अंगणभर उजेड पसरवते. दुसरी दूरच्या डोंगराच्या कड्यावर बोट ठेवावे तसा ठिपका टाकते.

विजेरी उत्पादकांनी मोजमाप कसे करावे, यासाठी अमेरिकेत २००९ मध्ये 'एफएल १' हे मानक प्रसिद्ध झाले व २०१९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. त्याचा अवलंब ऐच्छिक असला तरी जगभरातील नावाजलेले उत्पादक त्यानुसार आकडे छापतात. झोताचा पल्ला म्हणजे ज्या अंतरावर प्रकाश पाव लक्सपर्यंत उतरतो ते अंतर, अशी या मानकातील व्याख्या आहे. पाव लक्स म्हणजे साधारणपणे निरभ्र आकाशातील पौर्णिमेचे चांदणे. अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश होतो, या नियमामुळे हिशेब सोपा होतो. कँडेलाच्या आकड्याचे वर्गमूळ काढून त्याची दुप्पट केली की पल्ला मीटरमध्ये मिळतो. १०,००० कँडेलाचा पल्ला २०० मीटर आणि १,००,००० कँडेलाचा सुमारे ६३० मीटर. तीव्रता दहापट वाढवूनही पल्ला तिप्पटीहून थोडाच वाढतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

चांदण्यात माणूस उभा असल्याचे कळते, पण त्याच्या हातात काठी आहे की आणखी काही, ते ओळखता येत नाही. शिवाय समोरच्या वस्तूवरून परतणारा प्रकाश तेवढेच अंतर कापून डोळ्यापर्यंत यावा लागतो. म्हणून छापील पल्ल्याच्या निम्मे अंतर हेच कामाचे अंतर समजणे श्रेयस्कर. गस्तीवरील व्यक्तीच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तर हा फरक किरकोळ म्हणता येणार नाही.

पहिल्या दोन मिनिटांनंतर

'एफएल १' मानकानुसार विजेरी सुरू केल्यापासून ३० सेकंद ते दोन मिनिटे या काळात ल्युमेन मोजले जातात आणि उजेड सुरुवातीच्या एक दशांशावर येईपर्यंतचा वेळ हा 'चालण्याचा वेळ' म्हणून दिला जातो. या दोन तरतुदी एकत्र वाचल्या की बरेच कोडे उलगडते. समजा, एक विजेरी २,००० ल्युमेनने सुरू झाली, तिसऱ्या मिनिटाला ७०० वर उतरली आणि अडीच तासांनी २०० वर आली. तिच्या खोक्यावर '२,००० ल्युमेन' आणि 'अडीच तास' हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापता येतात आणि नियमाच्या दृष्टीने दोन्ही खरे असतात. अडीच तास २,००० ल्युमेन मिळतील, हा अर्थ ग्राहक आपल्या मनाने काढतो.

उजेड उतरणे हा दोष मात्र नव्हे. एलईडीला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेत जातो, आणि वीतभर लांबीच्या अॅल्युमिनियमच्या नळीतून दहाएक वॉट उष्णता बाहेर टाकत राहणे हेच कठीण असते. चांगल्या विजेरीतील नियंत्रक तापमान पाहून वीज कमी करतो. ज्या विजेरीत ही सोय नसते, ती हातात धरवत नाही आणि तिचा एलईडी लवकर मंदावतो. म्हणून पारख करताना कमाल उजेडापेक्षा उतरल्यानंतरचा स्थिर उजेड किती व तो किती वेळ राहतो, याला महत्त्व द्यावे. जबाबदार उत्पादक उजेड आणि वेळ यांचा आलेख प्रसिद्ध करतात. तो नसेल, तर कमाल आकड्यावर विसंबू नये.

डोळ्याचाही यात वाटा आहे. उजेड दुप्पट भासण्यासाठी प्रकाश सुमारे चौपट व्हावा लागतो. त्यामुळे ७०० ऐवजी १,००० ल्युमेनसाठी जादा पैसे मोजणाऱ्याला प्रत्यक्षात फरक जेमतेम जाणवेल.

सेलचा हिशेब

मराठी बोलण्यात विजेरीलाच 'बॅटरी' म्हणण्याची जुनी सवय आहे, आणि या प्रकारच्या विजेरीच्या बाबतीत ती फारशी चुकीची नाही. आतील सेलच तिची खरी योग्यता ठरवतो. '१८६५०' या नावाचा लिथियम-आयन सेल सर्वाधिक प्रचलित आहे. त्यातील १८ म्हणजे मिलिमीटरमधील व्यास, ६५ म्हणजे लांबी, आणि शेवटचे शून्य गोल नळकांड्याच्या आकाराचे द्योतक. अलीकडे २१ मिलिमीटर जाडीचा '२१७००' हा सेलही सर्रास वापरला जातो.

उत्तम दर्जाच्या १८६५० सेलची क्षमता ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. ३.६ व्होल्टने गुणल्यास सुमारे साडेबारा वॉट-तास ऊर्जा होते. विजेरीने प्रत्येक वॉटमागे १०० ल्युमेन दिले असे धरले, तर एका सेलमधून १,००० ल्युमेनचा उजेड सव्वा तास मिळेल. एकाच सेलवर 'दहा हजार ल्युमेन, तीन तास' असा दावा करणाऱ्या विजेरीला याच्या चोवीसपट ऊर्जा लागेल. हा हिशेब दुकानात उभ्या उभ्या करता येतो आणि त्यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नाही. '९,९०० मिलिअँपिअर-तास' असे छापलेले १८६५० सेलही याच जातीचे. अस्सल सेलचे वजन साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरते. त्याहून बराच हलका सेल असेल तर तो संशयास्पद मानावा.

येथे प्रश्न केवळ फसवणुकीचा राहत नाही. सदोष किंवा खराब झालेला लिथियम सेल तापून पेट घेऊ शकतो, आणि बंद धातूच्या नळीत वायू कोंडला तर ती फुटू शकते. दोन सेल एकामागे एक लागणाऱ्या विजेरीत एक नवा व एक जुना सेल घातल्यास जुना आधी रिकामा होतो आणि नवा त्याच्यातून जबरदस्तीने वीज ढकलत राहतो. 'सीआर १२३ए' या पुनर्भारित न होणाऱ्या लिथियम सेलच्या बाबतीत हा धोका विशेष असतो. त्याच आकाराचे पुनर्भारित होणारे सेलही मिळतात, परंतु त्यांचा दाब पूर्ण भरल्यावर ३ ऐवजी ४.२ व्होल्ट असतो. विजेरी त्यासाठी बनवलेली नसेल तर ती जळते. भारतात सुट्या वापराच्या पुनर्भारित सेलसाठी भारतीय मानक ब्युरोची 'आयएस १६०४६' मानकानुसार नोंदणी अनिवार्य आहे. खरेदी करताना सेलवरील नोंदणी क्रमांक पाहावा. थंड प्रदेशात जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लडाखसारख्या ठिकाणच्या थंडीत लिथियम-आयन सेलची क्षमता बरीच घटते. तेथे सुटे सेल अंगावरच्या कपड्यांच्या आत बाळगले जातात.

बांधणी आणि कळ

प्रसंगी एका हाताने, न पाहता, हातमोजे घालून चालवता येणे हे या विजेरीचे वेगळेपण. त्यासाठी मुख्य कळ मागच्या टोकाला असते. ती अर्धवट दाबल्यास दाब असेपर्यंत उजेड आणि पूर्ण दाबल्यास कायम उजेड, अशी तिची रचना असावी. दहा प्रकारचे उजेड एकामागे एक फिरवत बसावे लागणारी विजेरी घरी गंमत म्हणून ठीक. संकटाच्या क्षणी ती अडसर ठरते. आयपीएक्स ४ म्हणजे चहूबाजूंच्या शिंतोड्यांपासून संरक्षण, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास, तर आयपीएक्स ८ मध्ये खोली उत्पादकाने स्वतः नमूद करायची असते. पडझडीची चाचणी किमान एक मीटर उंचीवरून काँक्रीटवर केली जाते. बहुतेक माणसांच्या हातातून विजेरी पडते तीही साधारण तेवढ्याच उंचीवरून.

वेगाने लुकलुकणारा 'स्ट्रोब' जाहिरातींत हमखास दाखवला जातो. समोरच्याला क्षणभर गोंधळात टाकण्याचा त्याचा हेतू असला तरी त्यावर स्वसंरक्षणाची भिस्त ठेवणे धाडसाचे ठरेल. सेकंदाला ३ ते ३० वेळा लुकलुकणारा प्रकाश काही अपस्मारग्रस्तांमध्ये झटका आणू शकतो, हेही विसरता कामा नये. प्रखर झोत जवळून डोळ्यांत जाऊ देणे घातक आहे. लहान मुलांच्या हाती अशी विजेरी देऊ नये, आणि समोरून येणाऱ्या वाहनचालकाच्या डोळ्यांवर तर ती कधीही रोखू नये. खुद्द वापरणाऱ्यालाही तिचा त्रास होतो. अंधाराला पूर्ण सरावण्यास डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि पांढऱ्या भिंतीवरून उलटलेला एकच झोत ती सारी तयारी पुसून टाकतो.

गरज कोणाची, विजेरी कोणती

महाराष्ट्रात कृषिपंपांना आळीपाळीने रात्रीही वीजपुरवठा होत आला आहे. त्यामुळे अपरात्री पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला सहाशे मीटरचा पल्ला नको असतो. मण्यार आणि घोणस हे विषारी साप रात्री वावरतात, आणि ते दिसायचे असतात पायापुढच्या चार-पाच पावलांत. तेथे अरुंद झोताची विजेरी अपुरीच नव्हे तर धोक्याची ठरते, कारण तेजस्वी ठिपक्याच्या कडेची जमीन अधिकच काळी भासते. दीडशे-दोनशे ल्युमेनचा, रुंद पसरणारा आणि रात्रभर टिकणारा उजेड त्याच्या अधिक उपयोगाचा आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या धुक्यात जाणाऱ्या गिर्यारोहकांचा अनुभवही असाच असतो. डोळ्याजवळ धरलेला प्रखर झोत धुक्यातील थेंबांवरून उलटून पांढरी भिंत उभी करतो. तेव्हा उजेड कमी करून विजेरी कमरेच्या उंचीला धरणे हाच उपाय. उलट, वनरक्षकाला नदीच्या पैलतीरी किंवा बचाव पथकाला दरीच्या तळाशी पाहायचे असेल, तर तेथे कँडेलाला पर्याय नाही.

घरच्या घरी तपासणी

विजेरीची बरीचशी परीक्षा घरीही घेता येते. साध्या लक्समापकाने पाच मीटरवरून झोताच्या मध्यभागाचे वाचन घ्यावे आणि त्याला २५ ने गुणावे. वाचन ४०० लक्स आले, तर तीव्रता १०,००० कँडेला. मोबाइलमधील प्रकाशमापक नेमके आकडे देत नाही, पण दोन विजेऱ्यांची तुलना करण्यास तो पुरेसा असतो. एकूण प्रकाश पाहायचा असल्यास अंधाऱ्या खोलीत विजेरी छताकडे रोखून उभी करावी, मापक एकाच जागी ठेवावा आणि दर पाच मिनिटांनी वाचन टिपावे. तासाभरात उजेडाचा आलेख तयार होतो. या काळात विजेरीजवळ थांबावे, ती हाताला किती तापते तेही पाहावे. चाचणीनंतर सेल बाहेर काढून त्याच्या वेष्टनावर कोठे चीर पडली आहे का, ते तपासावे. चिरलेला सेल वापरू नये आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नये. तो ई-कचरा संकलन केंद्रात द्यावा.

खिशात किंवा पिशवीत विजेरी आपोआप सुरू झाल्यास कापड करपू शकते. बहुतेक चांगल्या विजेऱ्यांची मागची टोपी पाव फेरा सैल केली की विद्युतमार्ग तुटतो, म्हणून प्रवासात ती तशीच ठेवावी. विमानप्रवासात सुटे लिथियम सेल नोंदणीच्या सामानात ठेवण्यास मनाई आहे. ते हातातील सामानात, प्रत्येक सेल स्वतंत्र प्लास्टिकच्या डबीत घालून न्यावे लागतात.