उपज, कात्री आणि तबकडी

जॅझच्या समीक्षेने दीर्घकाळ एक गोष्ट गृहीत धरली होती. उपज म्हणजे त्या क्षणी, त्या मंचावर, त्या वादकाला सुचलेले. ध्वनिमुद्रण हा त्या क्षणाचा केवळ साक्षीदार. १९६९ ते १९८३ या १४ वर्षांत हे गृहीतक ढासळले. आधी ध्वनिफितीवर कात्री चालली, मग फंकचा आवर्ती ठेका आणि सिंथेसायझर आले, आणि अखेरीस फिरती तबकडी स्वतःच वाद्य होऊन मंचावर चढली. या साऱ्या संक्रमणाला ‘जॅझचे बाजारीकरण’ म्हणून निकालात काढण्याची प्रथा आहे. आम्हांला ते अपुरे वाटते. उपज नष्ट झाली नाही. तिने हात बदलले. मात्र ती ज्यांच्या हाती गेली त्यांचे कर्तृत्व मोजण्याची भाषा समीक्षेपाशी नव्हती.

आरंभ माइल्स डेव्हिसपासून करावा लागतो. फेब्रुवारी १९६९मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये ‘इन अ सायलेंट वे’ ध्वनिमुद्रित केले. त्याचा निर्माता टिओ मॅसेरो याने दुसऱ्या बाजूच्या आरंभीचा तुकडा नक्कल करून शेवटी जोडला. श्रोत्याला वाटते, वादक फिरून मुखड्याकडे आले. प्रत्यक्षात परतली ती फीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तीन दिवसांत ‘बिचेस ब्रू’चे मुद्रण झाले. १९७० साली ते प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यातली ‘फॅरोज डान्स’ ही सुमारे २० मिनिटांची रचना अनेक तुकडे सांधून उभी केलेली होती. ज्या रूपात आपण ती ऐकतो, त्या रूपात ती कोणी सलग वाजवलेलीच नाही. मॅसेरो स्वतः सॅक्सोफोनवादक होता, ज्युलियार्डमध्ये शिकलेला रचनाकार होता. कोठे तोडायचे, काय पुन्हा आणायचे, हे त्याचे निर्णय वादनानंतर घेतलेले असले तरी सांगीतिकच होते. संपादकाला सहलेखक मानावे काय, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. जॅझला मात्र तो अवघड गेला.

१९७२च्या जून-जुलैमध्ये मुद्रित झालेल्या ‘ऑन द कॉर्नर’मध्ये हा पेच आणखी घट्ट झाला. डेव्हिसच्या कानात तेव्हा जेम्स ब्राउन आणि स्लाय स्टोन यांचे फंक होते. पॉल बकमास्टरच्या सहवासात स्टॉकहाउझेनची इलेक्ट्रॉनिक रचनादृष्टीही त्यात मिसळली. मायकेल हेंडरसनचा बास एकच छोटी स्वरावली मिनिटेच्या मिनिटे घोळवत राहतो, भोवती ड्रम, बादल रॉयचा तबला आणि सतार. सारंगीवर किंवा पेटीवर लेहरा ऐकलेल्या श्रोत्याला या बासचे कार्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही. लेहरा जागचा हलत नाही, म्हणूनच लयीतल्या हालचाली ऐकू येतात. येथेही लय पुढे आली आहे आणि वा-वा पेडलमधून येणारा नायकाचा ट्रम्पेट तिच्यातला एक धागा झाला आहे. १९७२च्या बहुतेक जॅझ-समीक्षकांनी या तबकडीत एकल वादकाचा शोध घेतला, तो सापडला नाही, आणि तबकडी झिडकारली. त्यांचा सगळाच दोष नव्हता. मूळ आवरणावर कॉर्की मकॉयची व्यंगचित्रे होती, पण वादकांची नावे नव्हती. ज्यांनी सामूहिक उपज घडवली, तेच अनाम राहिले.

हर्बी हॅनकॉक १९६३ ते १९६८ या काळात डेव्हिसचा पियानोवादक होता. त्याने १९७३ साली ‘हेड हंटर्स’ प्रसिद्ध केले. त्यातल्या ‘कमीलियन’ची गाजलेली बासची चाल त्याने सिंथेसायझरवर स्वतःच वाजवली, म्हणजे साथीदाराचे काम नायकाने घेतले. पण आम्हांला अधिक अस्वस्थ करते ती ‘वॉटरमेलन मॅन’ या त्याच्याच १९६२मधल्या रचनेची तेथली नवी आवृत्ती. तिच्या आरंभी बिल समर्स बाटलीत फुंकर घालून, मध्येच गळ्यातून स्वर काढून एक विलक्षण नाद उभा करतो. तो मध्य आफ्रिकेतील बा-बेन्झेले लोकांच्या ‘हिंदेव्हू’चा आहे, त्यांच्या संगीताची एक तबकडी १९६६ साली निघाली होती. पुढे १९९४मध्ये मॅडोनाच्या ‘सँक्चुअरी’ या गीतात हॅनकॉकच्या आवृत्तीचा अंश आला, तेव्हा श्रेय हॅनकॉकला मिळाले. बा-बेन्झेले कोठेच नव्हते. स्टीव्हन फेल्ड या अभ्यासकाने या उसनवारीची साखळी उलगडून दाखवली आहे.

तिसरा टप्पा ब्राँक्समधून आला. ऑगस्ट १९७३मध्ये तेथल्या एका इमारतीतल्या मेजवानीत डीजे कूल हर्क संगीत वाजवत होता. एकाच तबकडीच्या दोन प्रती घेऊन फंकमधला केवळ ठेक्याचा तुकडा लांबवत नेण्याची त्याची रीत पुढे हिप-हॉपचा पाया ठरली. दशकाच्या मध्यावर ग्रँड विझर्ड थिओडोरने तबकडी हाताने मागेपुढे घासून निघणाऱ्या आवाजाचे तंत्र घडवले. १९८३ साली हे तंत्र हॅनकॉकच्या ‘रॉकिट’मध्ये आले. तिचा मूळ पट बिल लॅसवेल आणि मायकेल बाइनहॉर्न यांनी ब्रुकलिनमध्ये रचला, त्यावर ग्रँड मिक्सर डी.एसटी.ने तबकडी वाजवली, आणि हॅनकॉकने आपले सूर नंतर लॉस एंजेलिसमध्ये चढवले. जेथे एरवी सॅक्सोफोनची उपज आली असती, तेथे आता तबकडीवरचा हात आहे. तबकडी भरभर ढकलली की स्वर चढतो, रेंगाळली की उतरतो; दुसरा हात फेडरवर आवाज तोडत-जोडत राहतो. मॅसेरोची कात्री मुद्रणानंतर चालत होती. येथे तोडणे हेच वाजवणे झाले. १९८४च्या ग्रॅमी सोहळ्यात डी.एसटी. हॅनकॉकसोबत मंचावर होता, आणि तबकडीकडे वाद्य म्हणून पाहण्याची दृष्टी अनेक तरुणांना ‘रॉकिट’नेच दिली.

या वाटेवर पुष्कळ निःसत्त्व संगीतही निपजले, हे नाकारण्यात अर्थ नाही. ठेका यंत्राकडे सोपवला की वादकांमधला संवाद सहज आटतो. पण १९९८च्या ‘कम्बस्टिकेशन’मध्ये डीजे लॉजिक मेडेस्की, मार्टिन आणि वुड या त्रयीबरोबर वाजवतो, तेव्हा तबकडी साथीला उत्तर देते. २०१५ साली मकाया मॅक्रेवनने अनेक मैफलींमधल्या सुमारे ४८ तासांच्या उत्स्फूर्त वादनातून ‘इन द मोमेंट’ घडवले. त्याच्यापाशी वादक आणि संपादक एकाच देहात नांदतात.

तेव्हा उपजेचे काय झाले, या प्रश्नाची चिंता आम्हांला फारशी नाही. चिंता आहे ती नावांची. आपल्याकडे अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा असते. कीर्तनकाराने तो कोठेही नेला, कितीही विस्तारला, तरी नाव त्याच्याबरोबर जाते. ध्वनीच्या तुकड्यात अशी मुद्रा नसते. कापलेला, उसना घेतलेला, घासलेला नाद आपल्या कर्त्याला मागे सोडून पुढे जातो. कधी तो तबलजी असतो, कधी संपादक, कधी अरण्यातला एक अख्खा समाज. ते नाव शोधून पुन्हा त्या नादापाशी लिहिणे, हे काम आता समीक्षेलाच करावे लागेल.