आयकॉन-बदल, डेस्कटॉप संगणकातील

संगणकाच्या कार्यप्रणालीबरोबर, म्हणजे त्याचा सर्व कारभार चालविणाऱ्या मूळ आज्ञावलीबरोबर, ‘धिस पीसी’, ‘रिसायकल बिन’, फोल्डर, ड्राइव्ह इत्यादींची जी ठरावीक चित्रे येतात, ती काढून त्यांच्या जागी वापरणाऱ्याच्या पसंतीची चित्रे बसविण्याच्या क्रियेस आयकॉन-बदल म्हणतात. या क्रियेत बदलते ते फक्त चित्र. फोल्डर, त्यातील मजकूर आणि त्याची डिस्कवरील जागा यांना धक्का लागत नाही. ही गोष्ट सामान्यतः हौसेची समजली जाते; परंतु जेथे एकाच संगणकावर अनेकांची आणि अनेक प्रकारची कामे चालतात, तेथे ती कामाच्या अचूकतेशी निगडित असते.

संगणकाच्या पडद्यावरील आयकॉनची कल्पना डेव्हिड कॅनफील्ड स्मिथ यांनी १९७५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील आपल्या प्रबंधात मांडली आणि १९८१ मध्ये बाजारात आलेल्या झेरॉक्स स्टार या संगणकात ती प्रत्यक्षात उतरली. सुझन केअर यांनी १९८४ च्या मॅकिंटॉशसाठी आलेख-कागदाच्या चौकटी भरून चित्रे रेखाटली. पुढे १९९० च्या विंडोज ३.० मधील अनेक आयकॉनही त्यांनीच घडविले. ही सारी चित्रसृष्टी अमेरिकी कार्यालयातल्या मेजावरून उचललेली आहे. वर जीभ असलेले पिवळसर फोल्डर हे तेथील कपाटात रोज दिसणारी वस्तू. महाराष्ट्रात मात्र कागद जपण्याची जुनी रीत कापडी रुमालात बांधलेल्या दप्तराची आहे आणि पुण्यातील पेशवे दप्तरातील कागद आजही रुमालांच्या हिशेबानेच ओळखले जातात. त्यामुळे नवशिक्याला ही चित्रे पाहताक्षणी उमगत नाहीत, ती शिकावी लागतात.

हिंगोली–वाशीम मार्गावरील कनेरगाव नाक्यासारख्या ग्रामीण भागातील गावांत सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, शिष्यवृत्ती अशी कामे ज्या संगणकांवर केली जातात, त्यांच्या डेस्कटॉपवर निरनिराळ्या संकेतस्थळांचे शॉर्टकट, म्हणजे मूळ ठिकाणाकडे नेणारे दुवे, ठेवण्याची पद्धत उपयोगी पडते. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीतून ओढून ठेवलेले असे दुवे बहुधा ब्राउझरचेच चित्र घेतात; परिणामी सगळे एकसारखे दिसतात आणि गर्दीच्या वेळी खालचे नाव वाचूनच योग्य तो उघडावा लागतो. अशा दुव्यावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडल्यावर ‘वेब डॉक्युमेंट’ या भागात ‘चेंज आयकॉन’ बटण मिळते. सातबाऱ्याला शेताचे, दाखल्याला शिक्क्याचे चित्र दिल्यास हात चुकत नाही. नाव मराठीत टंकून त्यासोबत वेगळे चित्र देणे ही सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत उपयुक्त सुधारणा होय.

विंडोजमधील मूळ आयकॉनसाठी ‘सेटिंग्ज’, ‘पर्सनलायझेशन’, ‘थीम्स’ आणि ‘डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज’ असा मार्ग आहे. बसवायच्या चित्राची फाइल सामान्यतः आयसीओ प्रकारची असावी लागते. या एकाच फाइलमध्ये १६, ३२, ४८ आणि २५६ पिक्सेल अशा वेगवेगळ्या मापांची चित्रे साठविता येतात आणि पडद्यावर जे माप लागेल ते विंडोज निवडते. म्हणूनच जेपीजी छायाचित्राचे केवळ नाव बदलून भागत नाही आणि एकच मोठे चित्र आपोआप आकसले की त्यातील बारकावे गढूळ होतात. फोल्डरसाठी केलेली निवड त्याच फोल्डरमधील ‘डेस्कटॉप.आयएनआय’ या लपविलेल्या फाइलमध्ये नोंदली जाते. नोंद असते ती चित्राच्या पत्त्याची. त्यामुळे चित्र पेनड्राइव्हवर ठेवून निवडले आणि पेनड्राइव्ह काढला, तर त्याच्या जागी सामान्य आयकॉन दिसू लागतो. चित्रे संगणकातच एका कायम जागी ठेवणे म्हणूनच आवश्यक ठरते.

रिसायकल बिनची गोष्ट निराळी आहे, कारण तिला रिकामी आणि भरलेली अशी दोन चित्रे लागतात. बाहेरून आणलेले चित्र बसविल्यावर बिन रिकामी केली तरी पडद्यावर ती भरलेलीच दिसत राहण्याचा दोष अनेकांच्या परिचयाचा आहे. त्यावर रजिस्ट्री या विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतील चित्राच्या पत्त्यापुढे स्वल्पविराम व शून्य लिहिण्याचा उपाय रूढ आहे. थीम बदलताच आयकॉनही बदलत असतील, तर थीमला त्यासाठी मुभा देणारी खूण काढावी लागते. ‘शेल३२’ आणि ‘इमेजरेस’ या प्रणालीच्या मूळ फाइलींत चित्रे भरण्याचा जुना मार्ग मात्र टाळावा: त्यामुळे फाइलची डिजिटल स्वाक्षरी तुटते आणि विंडोजची दुरुस्ती किंवा अद्ययावतीकरण झाले की मूळ फाइल परत येते.

लिनक्समध्ये व्यवस्था अधिक मोकळी आहे. प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक या पुण्यात मुख्यालय असलेल्या संस्थेने विकसित केलेल्या, मराठीसह भारतीय भाषांत चालणाऱ्या बॉस या प्रणालीलाही लिनक्सचाच आधार आहे. येथे आयकॉन संपूर्ण संचाच्या रूपात बदलता येतात आणि संचात एखादे चित्र नसेल, तर ‘हायकलर’ या सामायिक संचातून ते घेतले जाते. वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवलेला संच इतरांच्या खात्यांवर परिणाम करीत नाही; सामायिक संगणकासाठी हीच रीत योग्य होय. केलेला बदल मागे घ्यायचा असल्यास विंडोजमध्ये ‘डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज’च्याच खिडकीत ‘रिस्टोअर डिफॉल्ट’ हे बटण असून, आयकॉन निवडून ते दाबल्यास मूळ चित्र परत मिळते.