लिनक्स संगणकाचा आवाज बंद पडणे

लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर चालणाऱ्या संगणकातून गाणे, चित्रफीत किंवा सूचनेची घंटाही ऐकू येईनाशी होणे हा या प्रणालीच्या वापरातला जुना आणि नेहमीचा बिघाड आहे. स्पीकर खराब झाला असेल ही पहिली शंका बहुतेक वेळा चुकीची ठरते. फाइलीतला आवाज कानापर्यंत येताना चार-पाच हातांतून जातो आणि त्यांतल्या एकानेही तो पुढे दिला नाही तर बाहेर काहीच येत नाही. आवाज कुठेही अडला तरी बाहेरची शांतता एकसारखीच असते. म्हणून या दुरुस्तीत मुख्य काम अडलेली जागा शोधण्याचे आहे. जागा सापडली की उपाय बहुधा एका ओळीचा असतो. जागा न शोधता सगळी प्रणाली नव्याने टाकण्याचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तो टाळावा, कारण त्यात माणसाचा दिवस जातो आणि बिघाड अनेकदा तसाच राहतो.

आवाजाचा मार्ग : फायरफॉक्स किंवा व्हीएलसीसारखा प्रोग्रॅम आवाजाचे आकडे तयार करतो आणि ते ध्वनिसेवेकडे देतो. ध्वनिसेवा निरनिराळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळून कर्नलमधल्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातल्या, ‘अल्सा’ या भागाकडे सोपवते. अल्साचा ड्रायव्हर ते साउंड कार्डापर्यंत नेतो. तिथे कोडेक नावाची चिप आकड्यांचे विद्युत्‌लहरींत रूपांतर करते आणि मग अँप्लिफायर, स्पीकर किंवा हेडफोन यांची पाळी येते. आजच्या बहुतेक लॅपटॉपांत वेगळे कार्ड नसते. इंटेलने २००४ मध्ये आणलेल्या ‘एचडी ऑडिओ’ या मानकाप्रमाणे नियंत्रक मुख्य चिपसंचात असतो आणि कोडेक रिअलटेकसारख्या दुसऱ्याच कंपनीचा असतो. एकच कोडेक दोन लॅपटॉपांत वेगवेगळ्या रीतीने जोडलेला सापडतो. शेजाऱ्याच्या यंत्रावर लागू पडलेला उपाय आपल्याकडे फुकट जातो, त्याचे एक कारण हे आहे.

या मार्गाला आजचे रूप टप्प्याटप्प्याने आले. १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत हन्नू सावोलाइनेन यांच्या ‘ओपन साउंड सिस्टिम’वर लिनक्सचा आवाज चाले. बहुतेक कार्डांवर तेव्हा एका वेळी एकाच प्रोग्रॅमला बोलता येई. यारोस्लाव्ह किसेला यांनी ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डासाठी ड्रायव्हर लिहायला घेतला आणि त्यातून १९९८ मध्ये अल्सा उभी राहिली. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नलपासून तीच मुख्य ध्वनिप्रणाली झाली. लेनार्ट पोटरिंग यांच्या ‘पल्सऑडिओ’चे काम २००४ मध्ये सुरू झाले. फेडोरा ८ (नोव्हेंबर २००७) आणि उबुंटू ८.०४ (एप्रिल २००८) या लिनक्सच्या वितरणांनी ही सेवा स्वीकारली, तेव्हा हजारो यंत्रे तुटक बोलू लागली किंवा मुकी झाली आणि लोकांनी पल्सऑडिओला दोष दिला. त्यातला काही दोष खरा होता. मात्र अनेक ठिकाणी ड्रायव्हरमधल्या जुन्या चुकाच या सेवेमुळे पहिल्यांदा उघड्यावर आल्या होत्या. रेड हॅटमधील विम टायमन्स यांची ‘पाइपवायर’ ही सेवा २०१७ मध्ये जाहीर झाली. फेडोरा ३४ ने (एप्रिल २०२१) ती पल्सऑडिओच्या जागी आणली, ऑक्टोबर २०२२ मध्ये उबुंटू २२.१० ने तेच केले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिची १.० ही आवृत्ती निघाली.

दुरुस्तीच्या दृष्टीने या इतिहासाला महत्त्व आहे, कारण सल्ले जुने होतात आणि तरीही फिरत राहतात. २०१० सालच्या उपायाप्रमाणे पल्सऑडिओ काढून पुन्हा टाकणारा माणूस आजच्या यंत्रावर पाइपवायरच मोडून बसतो. पाइपवायर पल्सऑडिओची भाषा बोलते, त्यामुळे जुन्या कमांड चालतात आणि जुनीच सेवा आहे असा समज होतो. ‘पॅक्टल इन्फो’ ही कमांड द्यावी. उत्तरात सर्व्हरच्या नावापुढे ‘ऑन पाइपवायर’ असे शब्द आले तर नवी सेवा चालू आहे, हे नक्की झाले. काहीही काढण्या-घालण्याआधी एवढे पाहून घ्यावे.

कर्नलपासून शोध : तपास वरून, म्हणजे प्रोग्रॅमपासून करण्याची सवय असते, पण खालून केलेला तपास लवकर संपतो. पहिला प्रश्न एवढाच की कर्नलला कार्ड दिसते का. टर्मिनलमध्ये ‘एप्ले’ ही कमांड ‘एल’ या पर्यायासह दिली की ओळखलेल्या कार्डांची यादी येते. यादी रिकामी असेल तर सेटिंग्जमध्ये कितीही फिरून उपयोग नाही. तिथे बहुधा ‘डमी आउटपुट’ एवढेच लिहिलेले आढळते. खरे कार्ड हाती न आल्यामुळे ध्वनिसेवेने उभे केलेले ते बुजगावणे असते. आवाज त्याच्याकडे जातो आणि विरून जातो.

कार्ड न दिसण्याचे अलीकडचे मोठे कारण फर्मवेअर हे आहे. साधारण २०१९ नंतरच्या अनेक इंटेल लॅपटॉपांत अंगचे डिजिटल मायक्रोफोन एका वेगळ्या ध्वनिप्रक्रियकाला जोडलेले असतात आणि त्या प्रक्रियकाला सुरू होताना स्वतःचा प्रोग्रॅम भरवावा लागतो. ‘साउंड ओपन फर्मवेअर’ या २०१८ मध्ये जाहीर झालेल्या प्रकल्पातून तो मिळतो. त्याचे पॅकेज नसेल तर कर्नलच्या नोंदींत, म्हणजे ‘डीमेसेज’मध्ये, फर्मवेअर भरता आले नाही अशी ओळ आणि शेवटी उणे २ हा त्रुटिक्रमांक दिसतो. त्याचा अर्थ ‘फाइल सापडली नाही’ इतका सरळ आहे. फेडोरा, डेबियन आणि आर्च यांत पॅकेजचे नाव थोडे वेगळे असले तरी ‘सॉफ’ या अक्षरांवरून ते शोधता येते. ते टाकून यंत्र पुन्हा सुरू केले की कार्ड प्रकट होते.

काल आवाज होता आणि कर्नल अद्ययावत केल्यावर गेला, असे असेल तर यंत्र सुरू होताना येणाऱ्या ग्रब या मेनूच्या प्रगत पर्यायांतून आधीचा कर्नल निवडून पाहावा. त्यावर आवाज परत आला तर दोष नव्या कर्नलचा, हे ठरले. जिथे विंडोजही आहे तिथे विंडोजमधून थेट ‘रीस्टार्ट’ करून लिनक्समध्ये आल्यास काही लॅपटॉपांचा कोडेक अर्धवट स्थितीत राहतो. यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा चालू केल्यावर तो ताळ्यावर येतो.

मिक्सर आणि वाट चुकलेला आवाज : कार्ड यादीत आहे पण आवाज नाही, अशी प्रकरणे संख्येने सर्वांत जास्त. ‘अल्सामिक्सर’ उघडला की उभ्या पट्ट्या दिसतात. पट्टीखाली दोन एम अक्षरे असली तर ती वाहिनी म्यूट आहे, दोन शून्ये असली तर खुली. एम ही कळ दाबली की स्थिती बदलते, एफ-६ ने कार्ड बदलते. ‘मास्टर’ खुला असूनही ‘स्पीकर’ बंद असू शकतो, म्हणून प्रत्येक पट्टी पाहावी. ‘ऑटो-म्यूट’ ही खूण विशेष तपासण्याजोगी आहे : हेडफोन लावला की स्पीकर गप्प करणे हे तिचे काम, पण हेडफोनच्या छिद्रातला पत्रा वाकला किंवा आत कचरा गेला की हेडफोन लागलेलाच आहे अशी यंत्राची समजूत होते. यंत्र बंद होताना मिक्सरची स्थिती साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत येते, त्यामुळे एकदा चुकून झालेले म्यूट महिनोन्‌महिने टिकते.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे आवाज भलतीकडे जाणे. मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला की तोही एक ध्वनिमार्ग ठरतो आणि त्या मॉनिटरला स्पीकर नसले तरी आवाज तिकडेच धावतो. ‘पाव्हूकंट्रोल’ या छोट्या प्रोग्रॅममध्ये हे उघड दिसते : गाणे चालू असताना पट्टी नाचत असेल तर आवाज ध्वनिसेवेपर्यंत पोचला आहे आणि फक्त मार्ग बदलायचा आहे. पट्टी निश्चल असेल तर दोष त्या प्रोग्रॅमचा. उबुंटूवर टिमिडिटी या मिडी वादकाची पार्श्वसेवा कार्ड अडवून बसल्याने ‘डमी आउटपुट’ आल्याचीही प्रकरणे झाली. तिला काढल्यावर आवाज परतला. कार्ड कोणी धरले आहे हे ‘फ्यूजर’ कमांड सांगते. ध्वनिसेवाच अडखळली असेल तर पाइपवायर आणि तिचा व्यवस्थापक वायरप्लंबर वापरकर्त्याच्या खात्यातून पुन्हा सुरू करणे पुरते.

हेडफोनमध्ये स्वच्छ आवाज आणि स्पीकर मात्र मुका, अशा नव्या पातळ लॅपटॉपांत बहुधा सिरस लॉजिक किंवा टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स यांच्या ‘स्मार्ट अँप्लिफायर’ चिपा असतात. त्यांना वेगळा ड्रायव्हर आणि त्या मॉडेलची माहिती कर्नलमध्ये असावी लागते. इथे नवा कर्नल हाच खरा उपाय. अ‍ॅपलच्या एम मालिकेतील यंत्रांवर लिनक्स आणणाऱ्या आसाही लिनक्स प्रकल्पाच्या मंडळींनी स्पीकर बराच काळ मुद्दाम बंद ठेवले होते, कारण तापमान न मोजता पूर्ण जोराने वाजवले तर ते जळू शकत होते. आधी संरक्षक प्रोग्रॅम लिहिला, मग आवाज दिला. हा क्रम दाद देण्याजोगा आहे.

अंध वापरकर्ते : वरचे सगळे उपाय पडदा दिसतो हे गृहीत धरून लिहिले जातात. ऑर्का हा पडदावाचक ज्यांचे डोळे आहे, त्यांच्या दृष्टीने आवाज गेला की पडदाही गेला. ऑर्काचे बोलणे ईस्पीक एनजीसारख्या वाचायंत्रातून येते. त्याला मराठीही बोलता येते, पण तेही याच ध्वनिमार्गाने बाहेर पडते. अशा वापरकर्त्याजवळ यूएसबीचे एखादे साधे साउंड कार्ड असावे. ते प्रमाणित ड्रायव्हरवर चालते, फर्मवेअर मागत नाही आणि अंगचे कार्ड मुके असले तरी बहुधा बोलते. ब्रेल पट्टी असल्यास ‘बीआरएलटीटीवाय’ने टर्मिनल वाचता येते, किंवा दुसऱ्या बोलत्या संगणकावरून एसएसएचने या यंत्रात शिरता येते.

फर्मवेअरचा प्रश्न याच बाजूने सर्वांत टोचणारा ठरला. डेबियनच्या अधिकृत स्थापनाचकतीत अमुक्त फर्मवेअर ठेवायचे नाही हे जुने तत्त्व होते. पण नव्या लॅपटॉपांत त्याविना आवाजच निघेना आणि अंध माणसाला दुसऱ्याच्या मदतीवाचून डेबियन बसवणे अशक्य होऊ लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये संपलेल्या सभासदांच्या मतदानात तत्त्वाला मुरड घालण्याचे ठरले, त्यामागच्या कारणांत हेही एक होते. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून हे फर्मवेअर चकतीतच असते. स्थापना सुरू होताना एस दाबून एंटर केले की यंत्र बोलू लागते. कार्डे एकाहून अधिक असतील तर ते एकेका कार्डावरून बोलते आणि जिथून ऐकू आले तिथे एंटर दाबण्याची वाट पाहते.